थालीपिठाला भोकं किती?

साताऱ्याजवळच्या त्या कारखान्यात पाऊल टाकलं की आधी वास गाठतो. ज्वारी भाजून झालेली असते, हरभऱ्याची डाळ कढईत असते, धने अजून पाटीत असतात. कारखाना म्हणायचा इतकंच. पस्तीसेक बायका, दोन भट्ट्या, एक गिरणी आणि पाकिटं बंद करायचं मशीन. माल चारच प्रकारचा: थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला. पुण्यातल्या आमच्या पाच जणांच्या जाहिरात एजन्सीकडे त्यांचं काम आलं ते 2023च्या उन्हाळ्यात. मालकीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. "माझ्या गिऱ्हाइकांना माझा माल माहीत आहे, त्यांच्या सुनांना नाही. टीव्हीवर पैसे घालायची माझी ऐपत नाही. लोकांनीच लोकांना सांगितलं पाहिजे, असं काहीतरी करा."

लोकांनीच लोकांना सांगायचं, याला आमच्या धंद्यात यूजर जनरेटेड कंटेंट म्हणतात, थोडक्यात यूजीसी. मालकीणबाई पूर्वी कॉलेजात शिकवायच्या, त्यामुळे ती अक्षरं ऐकून त्यांना विद्यापीठ अनुदान आयोग आठवला. मग मी फोड करून सांगितली. गिऱ्हाइकाने स्वतःच्या फोनवर काढलेला फोटो, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली ओळ, घरच्या ओट्यावर केलेला व्हिडिओ, हीच जाहिरात. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे 'आपली आवड'सारखं." मला ही तुलना फार आवडली. आकाशवाणीवर गाण्याच्या आधी फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जायची. माझ्या वडिलांनी एकदा पोस्टकार्ड टाकलं होतं आणि मग कितीतरी दिवस ते रेडिओला कान लावून बसायचे. गाणं त्यांना कुठेही ऐकायला मिळालं असतं. त्यांना त्या आवाजात आपलं नाव ऐकायचं होतं.

मी या धंद्यात आले तेव्हा वर्तमानपत्रातलं कूपन कापून पाठवायच्या स्पर्धा अजून चालायच्या. 'मला अमुक साबण आवडतो कारण...' हे वाक्य दहा शब्दांत पूर्ण करा, सोबत रिकामं वेष्टन जोडा. पोत्यांनी पत्रं यायची, ती आम्ही ज्युनिअर लोक जमिनीवर बसून निवडायचो. त्या पत्रांत जे मराठी वाचलं ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. त्यामुळे लोकांकडून काही मागवायचं काम आलं की मला मनापासून हुरूप येतो.

तर आम्ही कामाला लागलो. तोवर एआय आमच्या टेबलावर येऊन बसलं होतं. डिझायनर मुलगा त्यातून रंगसंगती काढायचा, मी इंग्रजी ब्रोशरचे पहिले खर्डे करून घ्यायचे. कल्पना सुचण्यासाठी मात्र मी ते पहिल्यांदाच वापरणार होते. मी टाइप केलं: 'थालीपीठ भाजणीच्या ब्रँडसाठी ग्राहक स्वतः फोटो-व्हिडिओ पाठवतील अशा दहा मोहिमा सुचव.' अर्ध्या मिनिटात दहा आल्या. आजीच्या रेसिपीची स्पर्धा, कुटुंबासोबत सेल्फी, सात दिवसांचं थालीपीठ चॅलेंज, पाकिटासह फोटो काढा आणि गिफ्ट हॅम्पर जिंका. प्रत्येकीला नाव, हॅशटॅग, बक्षीस आणि वेळापत्रक. इतकं नीटनेटकं उत्तर हातात आलं की काम झाल्यासारखं वाटतं, आणि मला तसं वाटलं.

आम्ही सेल्फीची मोहीम उचलली. महिनाभर चालवली. अकरा फोटो आले, त्यातले चार आमच्या आणि मालकीणबाईंच्या नात्यातले. बक्षिसाचा हॅम्पर ज्या बाईंना गेला त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या स्पर्धेतही तोच फोटो पाठवला होता.

त्या अकरा फोटोंसमोर मी बराच वेळ बसले. सगळ्यांनी चांगले कपडे घातले होते. ओटा आवरलेला होता. पाकीट छातीशी धरलेलं, लेबल कॅमेऱ्याकडे. म्हणजे आम्ही बायकांना जेवण झाल्यावर परत एकदा तयार व्हायला लावलं होतं. थालीपीठ थापताना दोन्ही हात पिठाचे असतात. त्या वेळी फोन कोण धरणार, आणि पाकीट तरी कोण? ते तर कधीच डब्यात रिकामं होऊन केराच्या टोपलीत गेलेलं असतं. ही साधी गोष्ट मला माहीत होती, कारण मी स्वतः रविवारी थालीपिठं लावते. पण मी ती एआयला सांगितली नव्हती, आणि मलाही ती त्या वेळी आठवली नव्हती. मी 'ब्रँड' आणि 'ग्राहक' असे दोन कोरे शब्द दिले होते, आणि त्या शब्दांसाठी जगभर जे काही आजवर केलं गेलं त्याची सरासरी मला परत मिळाली.

गाजलेल्या मोहिमा मी पुन्हा काढून पाहिल्या त्या तेव्हा. स्टारबक्सने 2014 साली अमेरिका आणि कॅनडात पांढऱ्या कपावर चित्रं काढायची स्पर्धा घेतली. तीन आठवड्यांत चार हजारांच्या जवळपास कप आले. एआयच्या यादीत तिची सावली होती, 'पाकीट सजवा' या नावाने. पण त्या स्पर्धेचं मूळ वेगळं होतं. लोक आधीपासूनच कॉफी पिता पिता त्या कपांवर रेघोट्या मारत होते. कप हातात, पेन खिशात, आणि वेळ मोकळा. कंपनीने जे चाललंच होतं त्याला दार उघडून दिलं. कोका-कोलाने 2011मध्ये ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर दीडशे नावं छापली तेव्हाही तेच. आपलं किंवा मैत्रिणीचं नाव दिसलं की माणूस बोट दाखवतोच, फोटो तर नंतरचा. मग भाजणीच्या बाबतीत आमचे लोक आधीपासून काय करत होते?

याचं उत्तर कारखान्यातल्या एका वहीत होतं.

पाकिटावर छापलेला फोन नंबर एका काकूंकडे आहे. त्या तिथे एकोणीस वर्षं काम करतात, आणि आलेला प्रत्येक फोन दोनशे पानी वहीत टिपून ठेवतात. तारीख, गाव, काय विचारलं, काय सांगितलं. अशा वह्यांची चळत कपाटात आहे. 'थालीपीठ तव्याला चिकटतं. तवा नवा आहे का विचारलं. हो म्हणाल्या.' 'कांदा घातल्यावर पाणी सुटलं, पीठ सैल. कांदा आयत्या वेळी घाला म्हटलं.' 'मुलगी न्यू जर्सीला, चार किलो न्यायची, वास बाहेर येईल का.' 'सासूबाई गेल्या. त्यांच्यासारखी चव येत नाही. काय घालायच्या ते माहीत नाही. बराच वेळ बोलल्या.' या शेवटच्या नोंदीपुढे काकूंनी काय सांगितलं ते लिहिलेलं नाही.

मी दोन दिवस तिथे बसून वह्या वाचल्या आणि अडीचशेच्या आसपास नोंदी टाइप करून आणल्या. नावं, फोन नंबर आणि ज्यावरून माणूस ओळखू येईल ते सगळं गाळून. 2023मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, त्यामुळे आता या गोष्टींबद्दल सगळेच सावध आहेत. पण त्या सासूबाई गेलेल्या बाईंनी काकूंना जे सांगितलं ते काकूंना सांगितलं होतं, एवढं कारण मला पुरेसं होतं. ती नोंद मी टाइपही केली नाही.

मग एआयला नवा प्रॉम्प्ट लिहिला. तो लिहायला मला पाऊण तास लागला. त्याचा गाभा असा होता: 'सोबत भाजणी वापरणाऱ्या बायकांच्या फोनच्या नोंदी आहेत. मोहिमा सुचवू नकोस. आधी या नोंदी वाच आणि मला अशा गोष्टी शोधून दे ज्यांचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असतं, ज्यांच्याबद्दल माणूस ठामपणे बोलतो, आणि ज्यांचं उत्तर पिठाचे हात धुवून अर्ध्या मिनिटात देता येतं. पाकीट दाखवायची अट नाही. बक्षीस नाही. ज्या नोंदीवरून सुचलं ती नोंद समोर लिही.' शेवटची अट सर्वांत उपयोगी पडली. नोंद दाखवावी लागली की हवेतल्या गोष्टी आपोआप गळतात, आणि उरलेल्या पडताळून पाहता येतात. दोन ठिकाणी त्याने नोंदीत नसलेली वाक्यं बेधडक नोंद म्हणून लिहिली होती, तीही अशीच सापडली.

या वेळची यादी पहिल्या यादीसारखी देखणी नव्हती. थालीपीठ फडक्यावर थापता, केळीच्या पानावर की थेट तव्यावर? सोबत लोणी, दही की ठेचा? पिठात गरम तेलाचं मोहन घालता का? तेल कडेने सोडता की मधून? मी ती यादी घेऊन परत साताऱ्याला गेले आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांना वाचून दाखवली. चौथ्या प्रश्नावर भट्टीवरच्या एक मावशी म्हणाल्या, "मधून म्हणजे? भोकं किती पाडता त्यावर आहे ते." दुसऱ्या म्हणाल्या, "भोक एकच असतं." "एकच कसं? मधलं एक आणि भोवती चार." "आमच्याकडे तीन." एक जण म्हणाल्या की त्यांच्या आई भोक पाडतच नव्हत्या, चार बोटं दाबून खळगे करायच्या. डबे उघडे राहिले आणि पंधरा मिनिटं नुसता गलका. मालकीणबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या आणि त्यांनीही आपला आकडा सांगितला. पाच.

ही कल्पना कोणाची, असं मला नंतर एका मीटिंगमध्ये विचारलं गेलं. मी खरं ते सांगितलं. काकूंनी एकोणीस वर्षं वह्या लिहिल्या, यंत्राने त्यातून तेलाचा प्रश्न वर काढला, आणि मावशींनी त्या प्रश्नातून भोकं काढली. मी फक्त वही, यंत्र आणि मावशी यांना एका जागी आणलं. अशी एका जागी आणण्याची कामं आमच्या धंद्यात फार कमी लेखली जातात, असं माझं मत आहे.

भोकं का पाडतात हे ज्यांनी कधी थालीपीठ लावलं नाही त्यांच्यासाठी सांगते. थालीपीठ जाडसर असतं, त्यामुळे मधला भाग कच्चा राहायची भीती. भोकातून तेल खाली उतरतं, वाफ वर येते, आणि भोकाच्या कडा तांबूस कुरकुरीत होतात. आमच्या घरी त्या कडांवरून मुलांची भांडणं होतात. तांत्रिक कारण तेवढंच, पण किती आणि कशी हे प्रत्येकीने, ती ज्या हाताखाली शिकली, त्या हाताचं उचललेलं असतं. त्यामुळे 'तुमच्या थालीपिठाला भोकं किती?' असं विचारलं की बाई आकडा सांगते आणि लगेच पुढे म्हणते, "आमच्या आईचं तसंच होतं."

मोहीम बाहेर पडण्याआधी मी एआयकडून आणखी एक काम करून घेतलं, आणि आता प्रत्येक वेळी घेते. त्याला सांगितलं, 'समज, ही मोहीम साफ फसली. तीन महिन्यांनी आपण कारणं लिहायला बसलो आहोत. काय काय लिहिशील?' यामागे एक जुनी धास्ती होती. मॅकडोनाल्ड्सने जानेवारी 2012मध्ये ट्विटरवर लोकांकडून त्यांच्या गोष्टी मागवल्या होत्या, आणि लोकांनी वाईट अनुभवांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केल्यावर दोनेक तासांतच तो प्रचार थांबवावा लागला. एआयने आमच्यासाठी पंधरा कारणं लिहिली. नेटवरून उचललेले फोटो येतील. भाजणी न वापरता ताज्या पिठांची थालीपिठं करणाऱ्यांना वाटेल, आपल्याला यात जागा नाही. टाइप करता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका बाहेर राहतील, आणि खरं उत्तर त्यांच्याकडेच असेल. आणि एक कारण असं: लोक उत्साहाने पाठवतील आणि त्यांना कोणीच उत्तर देणार नाही.

म्हाताऱ्या बायकांसाठी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायची सोय ठेवली. कोणाचीही भाजणी, कुठलंही पीठ चालेल असं स्पष्ट लिहिलं. यावर मालकीणबाईंचा मुलगा आधी नाराज होता, मग तयार झाला. उत्तरांसाठी आम्ही मोहीमच लहान केली. एकाच लॉटच्या पाकिटांत चिठ्ठी घातली, म्हणजे येणारे निरोप काकूंना झेपतील.

मधे एक दिवस कठीण गेला. पोस्टचं रूप कसं दिसेल हे पाहायला मी एआयकडून नमुन्याची वीस उत्तरं लिहून घेतली होती. मराठी आधी कृत्रिम होतं, 'चटपटीत' आणि 'स्वादिष्ट'ने भरलेलं. मग वहीतल्या चाळीस ओळी बोलण्याचा नमुना म्हणून दिल्या, तेव्हा सुधारलं. इतकं सुधारलं की आमच्या टीममधली मुलगी म्हणाली, "ताई, यातली पाच-सहा आधी टाकू या ना. पहिली पाच दिसली की लोक पुढे येतात." ती चुकीचं मानसशास्त्र सांगत नव्हती, रिकाम्या मांडवात पहिलं कोणी बसत नाही हे खरंच आहे. मी तिला कायदा सांगितला. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022मध्ये वेगळं मानकही काढलं, आयएस 19000 नावाचं. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की दंडाचा आकडा तिला पटत नव्हता, आमच्यासारख्या लहानांपर्यंत तो कोण आणणार. मग मी तिला वहीतली एक नोंद वाचायला दिली. जी बाई आईच्या पद्धतीने तीन भोकं पाडून फोटो पाठवेल, तिच्या फोटोशेजारी आपण न जन्मलेल्या बाईचा निरोप लावणार का, असं विचारलं. तिने ती फाइल तिथेच डिलीट केली. मांडवात पहिलं बसायला आम्ही भट्टीवरच्या मावशींना बोलावलं, आणि प्रत्येक फोटोखाली 'आमच्या कारखान्यातल्या' असं ठळक लिहिलं.

सहा आठवड्यांत तीनशे चाळीस निरोप आले. त्यातले शंभरावर बोललेले. सोलापूरकडच्या एक बाई मागे कुकरची शिट्टी चालू असताना शांतपणे सांगत होत्या की भोक अंगठ्याने पाडायचं, तर्जनीने नाही, कारण तर्जनीने पीठ फाटतं. जर्मनीत शिकणाऱ्या एका मुलाने होस्टेलच्या सपाट तव्यावरचं वाकडंतिकडं थालीपीठ पाठवलं, सात भोकांचं. खाली लिहिलं होतं, 'किती पाडायची माहीत नव्हतं, आईला विचारलं असतं तर तिला कळलं असतं की मी डबा आणत नाही.'

एका गर्दीच्या दिवशी आम्ही उत्तरांचे खर्डे एआयकडून करून पाहिले. 'वा! तुमचं थालीपीठ अप्रतिम दिसतंय!' असे पन्नास. काकूंनी ते वाचून बाजूला ठेवले. त्या स्वतः लिहीत होत्या ते असं: 'कडा जाड राहिल्यात. हात ओला ठेवा.' 'गॅस मोठा होता का?' 'तीळ वरून लावलेत ते छान.' या उत्तरांवर दुसऱ्या दिवशी त्याच बायकांचे दुसरे फोटो यायचे, कडा पातळ केलेले. असं कौतुक आणि अशी सुधारणा त्यांना घरात मिळायची बंद झाली असावी. त्या दिवसापासून उत्तरांना यंत्र लावायचं नाही हे ठरलं, आणि काकूंच्या मदतीला आणखी एक बाई दिली.

आलेल्यांमधला एक फोटो मी कधीच विसरणार नाही. केळीचं पान, त्यावर अर्धं थापलेलं थालीपीठ, आणि त्यावर एका आजींचा हात. बोटांच्या पेरांवर पीठ, हाडं वर आलेली, अनामिकेत झिजलेली अंगठी, आणि तर्जनी नुकतीच तिसऱ्या भोकातून वर उचललेली. नातीने पाठवला होता. प्रकाश खिडकीतून तिरपा. आम्ही कितीही पैसे मोजून काढला असता तरी असा निघाला नसता. डिझायनरने त्याच दिवशी त्याचं पोस्टर केलं. फोटो जिने काढला तिचा असतो, त्यामुळे आम्ही प्रत्येक वापराआधी लेखी परवानगी मागत होतो. नातीची आलीही. पण हात तिचा नव्हता, म्हणून मी म्हटलं, आजींना विचारा.

दोन दिवसांनी आवाजी निरोप आला. आजींचाच. "बाळ, थालीपीठ छापा. हात नको. हात आता बघवत नाही माझाच मला. आणि तीनच भोकं असतात, कोणी काही सांगू दे."

पोस्टर आम्ही फाइलसकट काढून टाकलं. मालकीणबाईंनी विचारलंही नाही की दुसरा मार्ग आहे का. एआयकडून तसाच दुसरा हात काढून घेता आला असता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणीच ते बोललं नाही. आजींनी मग फक्त थालीपिठाचा वेगळा फोटो नातीकडून पाठवला, स्टीलच्या ताटलीत, बाजूला लोण्याचा गोळा.

पुढच्या लॉटच्या पाकिटामागे आम्ही छोटी गोल चित्रं छापली. बिनभोकाचं, एक, तीन, चार बोटांचं, पाच आणि सात. प्रत्येकाखाली ज्यांनी संमती दिली त्यांचं पहिलं नाव आणि गाव. तिनाखाली आजींचं आहे. सातच्या खाली त्या मुलाने नाव द्यायला नको म्हटलं, फक्त 'होस्टेल' लिहा म्हणाला.

परवा काकूंची नवी वही चाळली. पहिल्याच पानावर नोंद आहे: 'बार्शीहून फोन. पाकिटावर दोन भोकांचं का नाही विचारत होत्या. त्यांच्याकडे दोनच पाडतात. फोटो पाठवा म्हटलं. फोन साधा आहे म्हणाल्या. कसं पाडतात ते विचारून घेतलं.' आणि खाली काकूंनी पेनाने एक गोल काढला आहे, आत दोन ठिपके.